घनाची चौथी बाजू

"सर, याचं घड्याळ चुकलं हाय," प्रणाली म्हणाली.

मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकलो. वरच्या कोपऱ्यात तारीख दिसत होती, शनिवार, १६ जून. वेळ अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. माझ्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते आणि महिना नोव्हेंबरचा होता. दोन-तीन सेकंद पडद्यावर काही हललं नाही. मग आकड्यांनी एकदम उडी मारली. बुधवार, १४ नोव्हेंबर, सव्वादहा.

"झालं बरोबर," देवानंद म्हणाला. "मी पण झोपेतून उठलो का मले वार समजत नाही."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. सोळा जूनला दुपारी हर्षल गभणेची मोटारसायकल नहराच्या पुलाच्या कठड्यावर आदळली होती. हे मशीन त्याचं होतं.

दोनच दिवसांपूर्वी त्याचे वडील, गभणे गुरुजी, ते हातगाडीवर घालून माझ्याकडे घेऊन आले होते. आम्ही दोघांनी एकाच शाळेत सव्वीस वर्षं काढली. ते मराठी शिकवायचे, मी गणित. निवृत्तीनंतर मी घराच्या पडवीतल्या खोलीत पोरांना कॉम्प्युटर शिकवत होतो. सात पोरं आणि एक जुनं मशीन, हे गभण्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा आणि पडदा टेबलावर ठेवला, उपरण्याने धूळ पुसली आणि म्हणाले, "घरात नुसतं पडून आहे. मी त्याच्याकडे पाहतो, ते माझ्याकडे पाहते."

जाताना दारात थांबले. "लांजेवार, लोक म्हणतात रस्ता सरळ होता. भर दुपार होती. समोरून कोणी येत नव्हतं. पोरगं गाडी चांगली चालवत होतं. मग काऊन धडकला?"

मी टेबलावरच्या मशीनकडे पाहिलं.

"लोक मागून विचारतात. मी समोरून विचारतो. दोघांनाही कोणी सांगत नाही," ते म्हणाले आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेले.

त्या वर्षी आमच्याकडे दिवसाचे सहा-सात तास लोडशेडिंग होतं. हर्षलने त्यावर एक युक्ती केली होती. मे महिन्यात तो मला ती मोठ्या कौतुकाने दाखवायला घेऊन गेला होता. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी संपत आली की जे काही उघडं असेल ते सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवून ठेवून झोपी जायचं. पुन्हा चालू केलं की त्याच जागेवरून उठायचं. अर्धं लिहिलेलं वाक्यसुद्धा तिथेच. सोळा जूनला सकाळीच कधीतरी लाइट गेली असणार आणि पावणेबाराच्या सुमारास बॅटरी संपत आली असणार. त्यानंतर त्या मशीनचं बटन कोणी दाबलं नव्हतं. आज ते मी दाबलं होतं.

बॅटरीचा डबा मात्र गभण्यांनी आणला नव्हता. ती बॅटरी फुगून गेली होती. म्हणजे आता लाइट गेली की मशीन झोपणार नव्हतं, मरणार होतं. त्या दिवशी आमच्याकडे लाइट बारा वाजता जायची होती.

"सर, हे पाहा ना जी," देवानंद ओरडला. त्याने माऊसने एक खिडकी पकडून ओढली होती आणि ती वाळत घातलेल्या पापडासारखी लवलवत होती. सोडली की थरथरून सरळ व्हायची. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली.

हर्षल वर्षभर याच नादात होता. लिनक्सवर पडद्याला खोली आणायची, खिडक्यांना वजन द्यायचं. कॉलेजात दोन वर्षांत त्याने दुसरं काही केलं की नाही, मला माहीत नाही. एवढं मात्र खरं, की हा पोरगा दहावीत माझ्याकडे भूमिती शिकायला यायचा तेव्हा त्याला कागदावरचा घन कधी दिसला नाही. "सर, हे तर चौकोन आहेत नुसते," म्हणायचा. शेवटी मी त्याला काड्यापेटी हातात धरून शिकवलं.

देवानंदने एक रिकामी खिडकी बंद केली. तिच्या खालच्या काठाला आग लागली. खरीखुरी दिसावी तशी, पिवळी, वर चढत जाणारी. खिडकी खालून वर जळत गेली आणि पडद्यावर काही उरलं नाही.

"बाप्पा," कोणीतरी हळूच म्हणालं.

"काही नाही रे, चित्र आहे ते," मी म्हणालो. "हर्षलदादाने लय गमती करून ठेवल्या आहेत यात. आणखी एक दाखवतो."

त्याने मला शिकवलेल्या कळा मी दाबल्या आणि माऊस फिरवला. सगळा पडदा मागे सरला, लहान झाला आणि त्याचा एक घन झाला. तो काळ्या पोकळीत हळूहळू फिरू लागला. प्रत्येक बाजूवर एक वेगळा पडदा, वेगळ्या खिडक्या.

माझ्यातला मास्तर जागा झाला. "सांगा, घनाला बाजू किती?"

"चार," सगळे म्हणाले.

"नीट पाहा. प्रणाली?"

प्रणाली हटवार सातवीत होती. कमी बोलायची. खोलीच्या दारावर मी पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगले होते आणि ते सगळे पाळणारी ती एकटीच होती. चपला बाहेर. लाइट जायच्या आधी मशीन नीट बंद. दुसऱ्याचं काम आपण सेव्ह करायचं नाही. हा शेवटचा नियम भांडणांतून आला होता. एकाच्या चित्रावर दुसरा रेघोट्या मारायचा आणि तेच ठेवून द्यायचा.

"सहा," ती म्हणाली. "चार फिरते. एक वर, एक खाली."

"शाबास. आता एकेक बाजू पाहू. पहिलीवर काय?"

पहिल्या बाजूवर याच गमतींची यादी उघडी होती, अर्धी बदललेली. दुसऱ्या बाजूवर फोटोंचं फोल्डर. तिसऱ्यावर काळी खिडकी आणि हिरवी अक्षरं, जी मलाही धड कळत नव्हती. हर्षलने घन काचेसारखा केला होता. पुढच्या बाजूतून पलीकडची बाजू पुसट दिसायची.

"सर, मागून काहीतरी लिहून आहे जी," प्रणाली म्हणाली. "उलटं दिसते."

मी घन फिरवला. चौथी बाजू समोर आली. एक पांढरं पान होतं, मराठीत टाइप केलेलं, नाव न दिलेलं, कुठेच न ठेवलेलं. मी पहिला शब्द वाचला. 'बाबा' आणि पुढे स्वल्पविराम.

मी घन पुन्हा पहिल्या बाजूवर आणला.

"आजचा तास संपला," मी म्हणालो. "घरी जा."

"सर, आत्ता तर आलो," देवानंद म्हणाला.

"उद्या दोन तास घेऊ. जा."

पोरं कुरकुरत चपला शोधू लागली. मी प्रणालीला थांबवलं. मला गभण्यांकडे जाऊन यायचं होतं आणि पडवीच्या खोलीला कडी नव्हती. बाहेर रेंगाळणाऱ्यांपैकी कोण परत आत शिरेल याचा भरवसा नव्हता.

"इथे बस. मी गुरुजींना घेऊन येतो. कशालाही हात लावू नको. कोणाला लावू देऊ नको."

"हो जी," ती म्हणाली आणि मशीनसमोरच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली.

तेव्हा साडेदहा होत होते. ते पान ठेवून द्यायला दोन कळा दाबायच्या होत्या. दर पाच मिनिटांनी सेव्ह करा म्हणून पोरांच्या डोक्यावर बसणारा माणूस मी. पण दुसऱ्याच्या पत्राला हात कसा लावायचा, असं मला वाटलं आणि मी सायकल काढली.

गभणे ओट्यावर पोपटीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांची बायको दिवाळीपासून माहेरी गेली होती.

"मशीन चालू झालं," मी म्हणालो.

"बरं झालं. पोरं खुश असतील."

"गभणे, ते बंद झालंच नव्हतं. त्या दिवशी झोपलं होतं, तसंच आज उठलं. त्याने जे उघडं ठेवलं होतं ते सगळं उघडं आहे."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. दाणे ताटात टाकले, टरफल टोपलीत. "म्हणजे?"

"एक पान आहे. तुमच्या नावाने."

त्यांचे हात थांबले. "तुम्ही वाचलं काय?"

"पहिला शब्द."

"अन् पुढे?"

"पुढचं तुम्ही पाहा."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मी येत नाही."

"गभणे."

"ऐका तुम्ही. पाच महिने झाले. रोज सकाळी उठतो तेव्हा मी अर्धा गुन्हेगार असतो. अर्धा नसतो. त्या अर्ध्यावर मी जगतो आहे. तुमच्या त्या पानावर मी पुरा गुन्हेगार निघालो तर? मग मी काय करू?"

"आणि नाही निघालात तर?"

उन्हं ओट्यावर चढत होती. एक कोंबडी टरफलं उकरायला आली, तिला त्यांनी हाकललं नाही.

"त्या दिवशी निकाल होता," शेवटी ते म्हणाले. "दोन विषय राहिले. मशीनवर बसला होता, खिडक्या जाळत होता. मी म्हटलं, मला तोंड दाखवू नको. बस, एवढंच. त्याची आई मागे अंगणात होती, तिलाही ऐकू गेलं नाही. कोणालाच माहीत नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. मग मी शेतावर गेलो, अन् दोन वाजता माणूस बोलवायला आला."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. अकरा कधी वाजून गेले मला कळलं नाही. मी फक्त बारा वाजता लाइट जाईल, एवढं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ते उठले. आत जाऊन हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. लग्नाला निघाल्यासारखी तयारी केली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. सायकलवर मागे बसा म्हटलं तर नको म्हणाले. आम्ही चालत निघालो, मी सायकल हातात धरून.

"चुका असतील," वाटेत ते म्हणाले.

"कशात?"

"त्याने लिहिलं असेल त्यात. मराठीच्या मास्तराचं पोरगं, पण एक ओळ धड लिहीत नव्हतं."

मी हसलो. तेही थोडे हसले. मग पुलाकडे जाणारा फाटा आला आणि ते माझ्यामागे पडले, पावलं ओढू लागले.

माझ्या अंगणात आलो तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. प्रणाली आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता आणि पडद्यावर पांढरं पान दिसत होतं. त्याच्या खालच्या काठाला आग लागली होती.

मी सायकल टाकली. ती अंगणात धाडकन पडली. गभणे दारातच थांबले. पान खालून वर जळत गेलं, ओळी एकेक करून ज्वाळेत गेल्या, सगळ्यात शेवटी वरची ओळ. मग पडदा निळा झाला, मग काळा. डब्यातला पंखा गुरगुरत थांबला.

प्रणालीने वळून पाहिलं. "झालं बंद, सर. बाराला दोन मिनिटं कमी आहेत."

"तुला मी हात लावू नको म्हटलं होतं."

"पण लाइट जायची होती ना जी." तिने दारावरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "सगळ्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. तुम्ही शिकवलं तशा."

"आणि ते पान? ठेवायचं का, असं विचारलं नाही त्याने?"

"विचारलं. मी नाही म्हटलं. आपलं नव्हतं ते."

तो नियम माझ्या हाताने लिहिलेला होता. तेवढ्यात लाइट गेली. वरचा पंखा चार फेरे मारून थांबला आणि गावातले सगळे आवाज एकदम जवळ आले.

गभणे आत आले आणि सतरंजीवर बसले, जिथे पोरं बसायची तिथे. ते रागावले नव्हते. तसा शांत चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता.

"तू वाचलं काय, बेटा?" त्यांनी विचारलं.

"हो जी."

"ये. इथे बस. मला सांग."

प्रणाली त्यांच्यासमोर बसली नाही. उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला सांगितल्यावर उभी राहायची तशी, हात मागे, नजर जमिनीकडे. आणि एका दमात म्हणू लागली.

"बाबा, तुम्ही तोंड दाखवू नको म्हणाले. मी भंडाऱ्याला चाललो आहे. पुढच्या परीक्षेचा फॉर्म आजच भरायचा आहे, उद्या ऑफिस बंद राहते. फोटो घेतले आहेत. चार वाजेपर्यंत येतो. आईला सांगू नका दोन विषय राहिले म्हणून, मी सांगीन. अन् तोंड तर आल्यावर दाखवावंच लागेल, दुसरं कुठून आणू."

ती थांबली.

"आणखी?" गभणे म्हणाले.

"एवढंच होतं जी."

गभण्यांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडून एक आवाज आला. मला आधी वाटलं ते रडताहेत. ते हसत होते. "दुसरं कुठून आणू," ते म्हणाले. "असाच बोलत होता तो. चुलीत घातलं तरी असाच बोलला असता." मग ते रडले. मी प्रणालीला डोळ्यांनी खुणावलं. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

डोळे पुसून ते म्हणाले, "त्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन फोटो निघाले होते. पासपोर्टचे. पोलिसांनी पाकिटात घालून दिले. मी पाच महिने विचार करतो आहे, जीव द्यायला निघालेल्या माणसाने फोटो कशाला घेतले. पण ते कोणाला बोलून दाखवायची हिंमत नव्हती झाली. वाटलं, मी आपला काडीला धरून बसलो आहे."

"फॉर्मसाठी," मी म्हणालो.

"फॉर्मसाठी," ते म्हणाले. "घाईत होता. ऑफिस बंद व्हायच्या आधी पोहोचायचं होतं. घाईत होता, लांजेवार. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही."

ते उठले. बाहेर येऊन प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने बंद केलं म्हणून एका शब्दाने बोलले नाहीत. "नीट पाठ केलं तू," एवढंच म्हणाले. मग भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, घराकडे निघाले. फाट्यापर्यंत मी त्यांना पाहत होतो. येताना ते माझ्यामागे पावलं ओढत आले होते. आता सरळ चालत होते.

दुसऱ्या दिवशी ते सासुरवाडीला जाऊन बायकोला घेऊन आले. त्यानंतर कोणी पुलाची गोष्ट काढली की स्वतःहून सांगायचे, फॉर्म भरायला निघाला होता, उशीर झाला म्हणून गाडी जोरात होती. मागच्या वर्षी माघात ते गेले. ते होते तोवर पुढचं मी कोणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

त्या दिवशी ते गेल्यावर मी प्रणालीला आत बोलावलं. खोलीत उकडत होतं. ती स्टुलावर बसली, मी समोर खाटेवर.

"प्रणाली, मी तुला रागावणार नाही. खरं सांगायचं. गुरुजींना बरं वाटावं म्हणून त्या पानावर तूच लिहिलं ना ते?"

"नाही जी."

"त्या पानावर मी पाहिलं होतं, बेटा. मी गभण्यांना बोलावायला गेलो त्याच्या आधी. एक शब्द होता. बाबा. त्यापुढे स्वल्पविराम आणि लुकलुकणारी रेघ. बाकी सबंध पान कोरं होतं. मला ते गुरुजींना सांगवलं नाही, म्हणून मी त्यांना घेऊन आलो. मला वाटलं, एक शब्द तर एक शब्द, त्यांनी तो स्वतः पाहावा."

तिने मान हलवली. तिला हे ठाऊक होतं, असं दिसलं.

"तुम्ही गेले तवा कोरंच होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग यायले लागलं."

"काय यायला लागलं?"

"अक्षरं. एकेक करून. मधातच थांबे. मग दोन-तीन अक्षरं मागं जाऊन पुसे, अन् पुन्हा लिहे. तोंड तर आल्यावर, तिथं लय वेळ थांबलं होतं."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, मी जाताना होते तसेच.

"ती बाजू समोर कोणी आणली?"

"मी नाही आणली. पडद्यावरला तो घन आपल्या मनानं फिरला. मले वाटलं, हर्षलदादानं करून ठेवलेली गंमत असन. खिडक्या नाही का जळत? तशीच. तुम्हीच म्हणलं होतं, लय गमती हायेत म्हणून."

"तुला भीती नाही वाटली?"

ती विचार करू लागली. खोटं सांगायचं नाही म्हणून विचार करत होती, एवढं मला कळत होतं. तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचत आलो आहे.

"आधी नाही वाटली," ती म्हणाली. "मग भिंतीवर पाहिलं तर पावणेबारा वाजून गेल्ते. मी पावणेबारालेच बंद करत असते सगळं. पण ते लिहूनच राहिलं होतं, तर मधात कसं बंद करायचं? कोणी लिहिते तवा थांबावं लागते ना जी. म्हणून थांबली. तवा थोडी भीती वाटली. लाइट गेली तर त्याचं अर्धंच राहीन म्हणून."

बाहेर माझी सायकल तशीच पडलेली होती. तिच्या सावलीत कुत्रं येऊन बसलं होतं.

"शेवटलं लिहून झालं, अन् मग काहीच येईना," प्रणाली म्हणाली. "नुसती ती रेघ लुकलुक करे. मी दोन मिनिटं पाहिलं. मग मी विचारलं."

"कोणाला?"

"त्यालेच. झालं काय, दादा, असं विचारलं. मग ती रेघ लुकलुकायची थांबली."

ती उठली, दाराबाहेर जाऊन चपला पायात घातल्या.

"मग मी बंद केलं," ती म्हणाली, आणि जेवायला घरी गेली.